मुलगा पान उलटूच देत नाही. चित्रात एवढं काय बघत असेल?

द्राक्षवेल

नमस्कार मंडळी. प्रश्न साधा आहे, पण त्यावरून घरात रोज संध्याकाळी तोंडं वाकडी होतायत, म्हणून विचारते.

लेक साडेतीन वर्षांचा. पुस्तक घेऊन स्वतःहून मांडीत येऊन बसतो, इथवर सगळं छान. पण त्याच्या सध्याच्या लाडक्या पुस्तकात सातव्या-आठव्या पानाशी पोचलो की हा पानावर पंजा ठेवतो. पाचही बोटं पसरून. मी उलटायला गेले की किंचाळतो. बरं, त्या पानावर विशेष काही असावं, तर तेही नाही. स्वयंपाकघर आहे, आई पोळ्या लाटतेय, मुलगी ओट्याखाली कणकेची गोळी घेऊन बसलीये. खाली दोन ओळींचा मजकूर. तो मी आतापर्यंत शंभरदा तरी वाचला असेल. दोन ओळी संपतात, मला पुढे जायचं असतं आणि साहेब तिथेच. दहा-दहा मिनिटं. परवा तसाच झोपला, पंजा पानावर.

सासूबाईंचं म्हणणं, "तुमच्या त्या चित्रांच्या पुस्तकांमुळे पोरगं अक्षराकडे ढुंकून बघत नाही. अंकलिपी आणा." नर्सरीतल्या बाईंनी सांगितलं, शब्दाखाली बोट फिरवत वाचा. मी बोट फिरवते, तो बोट ढकलून देतो. म्हणे "हात काढ, दिसत नाही."

काय दिसत नाही, ते विचारलं तर सांगत नाही. पान उलटावं की थांबावं? आणि ही मुलं चित्रात नेमकं बघतात तरी काय?

एरंडेल

पान उलटा आणि पुढे जा. उगाच लाड.

आमच्या वेळी घरात एक पंचांग आणि एक पोथी, चित्रं कसली! आजी अंधारात गोष्ट सांगायची. तिच्या गोष्टीतला राक्षस आपल्याला हवा तेवढा मोठा व्हायचा. पुस्तकातला राक्षस तळहाताएवढा, तोही हसरा. चित्र दिलं की मुलाला स्वतःचं काही करायला उरत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

जुना छापखानेवाला

एरंडेल, राक्षसाचं पटलं. बाकीचं नाही.

मी ३४ वर्षं पुण्यात ऑफसेटवर काढली. आधी प्लेटा करायचो, नंतर मशीनवर आलो. लग्नपत्रिका छापल्या, खताच्या पिशव्यांची लेबलं छापली आणि मुलांची पुस्तकंही भरपूर छापली. त्यामुळे चित्र म्हटलं की मला आधी कागद दिसतो. पण सुरुवात त्याच्याही आधीची आहे, ती सांगतो.

आमचं गाव बार्शीपासून आत. चुलत्यांचं किराणा दुकान होतं. बार्शीहून एस.टी.च्या टपावर माल यायचा, त्यात महिन्याला एक चांदोबा. कधी दहा दिवस उशिरा, कधी तेलाचा डाग घेऊन. मी तेव्हा पहिलीत, वाचता येत नव्हतं. अक्का वाचून दाखवायची. तिची अट अशी की आधी दोन घागरी पाणी आणायचं. तर पाणी आणून, हातपाय धुऊन मी बसायचो, अक्का विक्रम-वेताळ काढायची आणि खरं सांगतो, ती वाचत असताना मी ऐकत नव्हतो. मी प्रेताचे पाय बघत होतो.

तुमच्यापैकी ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. राजाच्या हातात तलवार, खांद्यावर प्रेत, सगळं स्मशान. मोठी माणसं राजाकडे बघतात. मी मात्र त्या लोंबत्या देहाकडे बघायचो, कारण मला एक शंका होती. वेताळ त्या प्रेतात शिरून बोलतो, म्हणजे तोंड चालतं. मग पायांचं काय? पाय मेलेले की जिवंत? राजाला चालताना ते लागत असतील का? अक्काला विचारलं तर म्हणाली, "गप ऐक, नाहीतर ठेवून देईन." चुलत्यांना विचारलं तर त्यांनी गुळाचा खडा दिला आणि घालवून दिलं.

तर मी दुसरीत जाईपर्यंत थांबलो. वाचता येऊ लागल्यावर दुकानातल्या मागच्या फळीवरचे जुने अंक काढले आणि पायांबद्दल कुठं काही लिहिलंय का ते शोधत एकेक गोष्ट वाचून काढली. एक अक्षर नव्हतं! पण तोवर माझे पंधरा-वीस अंक वाचून झाले होते.

ते चित्र शंकर यांचं, हे मला छापखान्यात लागल्यावर कळलं. के. सी. शिवशंकरन, मद्रासचे. जन्म १९२४चा, गेले २०२० साली. मासिक मुळात तेलुगू आणि तमिळमध्ये जुलै १९४७ला निघालं, मराठीत १९५२पासून यायला लागलं. म्हणजे बार्शीकडच्या पोराला स्मशान दाखवणारा माणूस तमिळ, आणि तेच चित्र तिकडे तेलुगू, कन्नड पोरंही बघत होती. मजकूर प्रत्येकाचा वेगळा, पाय सगळ्यांना तेच. आमच्याकडेही तीन-चार भाषांतलं पुस्तक आलं की रंगाच्या प्लेटा त्याच ठेवायच्या आणि फक्त काळी प्लेट बदलायची. काळी बदलली की भाषा बदलली. मशीनवर उभं राहून हे बघताना मला दर वेळी गंमत वाटायची.

आता कागदाचं. जुनी पुस्तकं कुणाकडे असतील तर काढून बघा. कित्येकांत दोन पानं रंगीत, पुढची दोन काळी-पांढरी, परत दोन रंगीत, असं येतं. हा चित्रकाराचा विचार नसायचा, तो काटकसरीचा हिशेब. मोठ्या तावाच्या एका बाजूला चारही रंग छापायचे, दुसऱ्या बाजूला नुसता काळा. घडी घातली की आपोआप ती आलटून-पालटून पानं पडतात. पैसे वाचवायला केलेली गोष्ट, पण मुलांना तिचा नाद लागायचा. काळ्या पानावर पोरगं फार थांबत नाही, त्याला माहीत असतं, आता उलटलं की रंग. माझी धाकटी मुलगी काळी पानं भराभर उलटायची आणि रंगीत पानावर आली की श्वास सोडायची, पोहून काठाला लागल्यासारखा. आणि रजिस्टर सुटलं असेल, म्हणजे लाल रंग जरासा सरकून पडला असेल, तर राणीचे ओठ गालावर. तसले ताव आम्ही रद्दीत टाकायचो. मुलगी मुद्दाम तेच मागायची. म्हणे, "ही राणी खोटं बोलतेय, म्हणून तिचं तोंड हललंय."

द्राक्षवेलताई, आता तुमच्या पानाकडे येतो. एक बघून सांगा. त्या स्वयंपाकघराच्या चित्राला भोवती पांढरी चौकट आहे, की चित्र थेट कागदाच्या कडेपर्यंत गेलंय? चौकट असली की मूल खिडकीतून बघितल्यासारखं बाहेरून बघतं. कडेपर्यंत गेलेल्या चित्रात ते आत असतं. अशा चित्राला आम्ही चारही बाजूंनी तीन-तीन मिलिमीटर जास्त छापतो आणि कटिंगला ते उडवतो, म्हणजे कडेला पांढरी रेघ राहत नाही. चित्रकार कधीकधी कडेला मुद्दाम अर्धी वस्तू ठेवतात, अर्धं दार, अर्धी बादली. आपण मोठी माणसं मध्ये बघतो. पोरं कडेला बघतात.

म्हणून आज वाचू नका. त्याला पुढ्यात घ्या, तुमची हनुवटी त्याच्या डोक्याएवढी खाली आणा आणि तो बघतो तिथूनच बघा. बोलू मात्र नका.

शेवंती

काकांचा प्रतिसाद दोनदा वाचला. चौकटीबद्दल मात्र माझं वेगळं म्हणणं आहे.

माझे बाबा गिरणीत होते, युनियनमध्ये. रशियन पुस्तकांच्या प्रदर्शनातून पुस्तकं आणायचे. इतकी स्वस्त असायची की आई ओरडायची सुद्धा नाही. मराठीतही असायची, मॉस्कोत छापलेली. पण एक मोठ्या आकाराचं, पातळ पुस्तक इंग्रजीत होतं आणि घरात इंग्रजी कुणालाच धड येत नव्हतं. चित्रं बिलिबिनची (हा १८७६ ते १९४२मधला रशियन चित्रकार, नाव मला खूप नंतर समजलं). त्याच्या चित्रांना जाड, नक्षीची चौकट असते. पानंफुलं, पक्षी असं काहीबाही. चित्र आत, चौकट बाहेर. आणि मी दर वेळी चौकटीतूनच आत शिरायचे! आधी बोटाने चौकटीभोवती पूर्ण फेरी मारायची, मग आत. देवळात जाताना प्रदक्षिणा घालावी तसं. फेरी अर्धवट राहिली तर पुन्हा पहिल्यापासून.

मजकूर समजत नसल्याने गोष्ट मीच केली होती. धाकट्या भावाला ती इतक्यांदा सांगितली की त्याला पाठ. पुढे कॉलेजात खरी गोष्ट वाचली तर निम्मी वेगळी निघाली. भावाला सांगितलं, तर तो म्हणाला, "मग इंग्रजीत चुकीची छापली असेल."

जाता जाता एक आठवलं. त्या पुस्तकांत विटांची, खोलीएवढी चूल असायची आणि तिच्यावर आजोबा झोपलेले. चुलीवर! रशियात थंडीत ती ऊबदार झोपायची जागा असते, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. आठव्या वर्षी मी गावी आजीच्या चुलीच्या कट्ट्यावर उशी घेऊन चढले होते. परकर थोडक्यात वाचला. चित्राने मूल आत ओढलं जातं म्हणतात, मी तर शब्दशः निघाले होते.

१९९१नंतर ती पुस्तकं यायची बंद झाली, देशच राहिला नाही. बाबांनी उरलेली सगळी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर ठेवली. अजून आहेत.

मेळघाटचे गुरुजी

मी जिल्हा परिषद शाळेत पहिली-दुसरीला शिकवतो. आमच्या पोरांची घरची भाषा कोरकू. मराठी ही त्यांना शाळेच्या दारात भेटते. त्यामुळे पहिले काही महिने मी मजकुरावर कागदाची पट्टी ठेवतो आणि नुसतं चित्र समोर धरतो. कोणत्याही भाषेत बोला म्हणतो.

एकदा चित्रात एक शेळी होती, पाय दिसत होते तीन. मला कधीच खटकलं नव्हतं. वर्गात गलका, "शेळी लंगडी आहे." दुसरा गट म्हणाला, चौथा पाय पोटामागे आहे. भांडण अर्धा तास. शेवटी रोज शेळ्या राखायला जाणारा एक मुलगा उठला. वर्षभरात तो माझ्याशी चार शब्द बोलला नव्हता. पुढे आला, पुस्तक हातात घेतलं, तिरपं करून पाहिलं आणि सांगितलं की मागचा पाय तिने दगडावर टेकवलाय, म्हणून पाठ अशी वर गेलीये, ती आता झाडाची पानं ओढणार. पाठीची रेघ खरंच तशी होती. चित्रकाराने शेळी नीट पाहिलेली होती आणि ते ओळखायला शेळीवालाच लागला.

त्याच आठवड्यात त्याने मला पट्टी काढायला सांगितली. शेळीबद्दल खाली काय लिहिलंय ते त्याला बघायचं होतं.

उलटाही अनुभव आहे. तक्त्यावरचा अ अननसाचा दाखवला, तर अर्धा वर्ग म्हणाला, कणीस. मला तरी कुठे तक्त्यावरून चूक वाटली? हिरवा तुरा, खाली खवल्यांचं अंग. मी अ लिहिला आणि पुढे गेलो.

लेस्टरची लेक

लायब्ररीत लहान मुलांच्या गोष्टीच्या तासाला मदत करते, म्हणून दोन ओळी.

एरंडेलकाका म्हणतात, चित्र दिलं की मुलाला काही करायला उरत नाही. पॅट हचिन्सचं १९६८चं एक पुस्तक आहे, रोझीज वॉक. सगळ्या पुस्तकात मिळून एकच वाक्य, ३२ शब्दांचं. कोंबडी शेतावर फेरफटका मारते आणि जेवायच्या वेळेला परत येते, बस. चित्रात पहिल्यापासून तिच्या मागे कोल्हा आहे, आणि त्या ३२ शब्दांत कोल्हा हा शब्द एकदाही नाही. मी सरळ चेहऱ्याने वाचत राहते, जणू मला दिसतच नाही. तीन वर्षांची मुलं उठून उभी राहतात, ओरडतात, एक तर रडकुंडीला येऊन माझा हात धरून म्हणाला, मागे बघ ना! वाचणाऱ्या मोठ्या माणसाला माहीत नाही आणि वाचता न येणाऱ्या आपल्याला माहीत आहे, ही गंमत त्यांना दुसरीकडे कुठे मिळणार? दिवसभर आपणच त्यांना सांगत असतो.

द्राक्षवेल, तुझ्या मुलाला त्या पानावर असं काहीतरी माहीत असणार, जे तुला माहीत नाही.

ता.क. माझ्या मुलींना मराठीत माधुरी पुरंदरे वाचून दाखवते. लिखाण आणि चित्रं दोन्ही त्यांचीच, त्यामुळे कुठली गोष्ट शब्दाने सांगायची आणि कुठली नुसती रेषेवर सोडायची, हे एकाच हाताने ठरवलेलं असतं. इथे वाढणाऱ्या मुलींना मराठी घर म्हणजे काय, ते मला फारसं समजवावं लागलं नाही. त्यांनी चित्रात बघून घेतलं.

एरंडेल

ठीक आहे, कोल्ह्यापुरता गप्प बसतो.

अंकलिपीचा विषय निघालाच आहे तर कबूल करतो. ई ईडलिंबाचा, ऐ ऐरणीचा, अं अंबारीचा. यातली ऐरण लोहाराकडे पाहिली, अंबारी मिरवणुकीत पाहिली. ईडलिंबू वयाच्या ६८व्या वर्षापर्यंत प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. तरी बाजारात कुणी आत्ता समोर ठेवलं तर ओळखीन, इतकं ते खडबडीत, देठाशी एक पान असलेलं चित्र डोक्यात पक्कं बसलंय. म्हणजे पोथीखेरीज घरात अंकलिपीही होती, हे मघाशी विसरलो होतो.

राक्षसाबद्दलचं मत कायम आहे.

जुना छापखानेवाला

कायम ठेवा. राक्षस छापताना मलाही नेहमी कमीच वाटायचा. तळहाताएवढ्या जागेत शाई किती ओतणार?

शेवंतीताई, प्रदक्षिणा मान्य. चौकटीबद्दलचं माझं म्हणणं मशीनवरचं होतं, देवळाचं ध्यानात आलं नाही. माळ्यावरची पुस्तकं प्लास्टिकमधून काढा मात्र. आत दमट धरतं, पानं चिकटतात. सुती कापडात बांधा.

द्राक्षवेल

सगळ्यांचे आभार. सापडलं!

चित्र कडेपर्यंत गेलेलं आहे, चौकट नाही. काकांनी सांगितल्याप्रमाणे काल त्याला पुढ्यात घेतलं, हनुवटी त्याच्या केसांत टेकवली, तोंड बंद. दोनेक मिनिटं मला तेच दिसत होतं, पोळपाट, ओटा, मुलगी. मग लक्षात आलं की त्याची नजर तिथे नाहीच. उजव्या हाताला अगदी कडेशी स्वयंपाकघराचं दार आहे आणि दाराच्या खालच्या कोपऱ्यात एक तपकिरी वळणदार रेघ. मी इतके दिवस ती दाराची सावली समजत होते. ते मांजराचं शेपूट आहे. नुसतं शेपूट. मांजर पानाबाहेर गेलेलं. आणि मजकुरात मांजर नाही, आधीच्या पानांवर नाही, पुढच्या पानांवरही नाही. मी शेवटपर्यंत तपासलं.

मी हळूच म्हटलं, "मांजर?" त्याने मान वळवून माझ्याकडे असं बघितलं की एवढा उशीर का लागला. मग एकदम घडाघडा बोलायला लागला. मांजर बाहेर गेलंय. ते परत येणार आहे. पान बंद केलं तर दार बंद होईल आणि मग ते बाहेर राहील. म्हणून पंजा. इतके दिवस मी त्या मांजराच्या तोंडावर दार लावत होते आणि वर दोन ओळी वाचत होते.

मग त्याने स्वतःच पान उचललं, पूर्ण उलटलं नाही, मागून वाकून बघितलं, मांजराचा उरलेला भाग पलीकडे आहे का म्हणून. पलीकडे आजोबा पेपर वाचताना. मांजर नाही. पुन्हा खाली ठेवलं.

सासूबाई सोफ्यावरून हे सगळं बघत होत्या. काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने उठल्या, जुन्या कॅलेंडरचा एक पाठकोरा कागद फाडला, माझ्या ऑफिसच्या बॅगेतलं पेन घेतलं आणि दाराच्या रेषेला रेष जुळवून उरलेलं मांजर काढायला बसल्या. कान, मिशा, पुढचे दोन पाय. पुस्तकाच्या कडेला कागद नीट लावून त्याला दाखवला. "हे घे, आलं तुझं मांजर."

त्याने बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, "आजी, ही शेळी आहे."

आत्ता दोघं दुसरा कागद घेऊन बसलेत. अंकलिपीही आणलीये, ती कागदाखाली टेकायला घेतलीये.